पहिल्या तासाची पेंग : सिॲटलच्या शाळांचं एक प्रकरण

सकाळच्या सत्रात नववीचा पहिला तास ज्यांनी घेतलाय, त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. सात वाजून दहा मिनिटांनी हजेरी. नाव घेतलं की 'हजर' ऐकू येतं, पण मान वर होत नाही. तिसऱ्या बाकावरचा मुलगा वही उघडून बसलेला, वहीवर हात आणि हातावर हनुवटी. फळ्यावर भिंगाची किरणाकृती काढून मी वळेपर्यंत त्याचे डोळे मिटलेले असतात. आठवड्यातून दोनदा याच वर्गावर माझा चौथा तास असतो. तेव्हा हाच मुलगा मेणबत्ती पुढेमागे सरकवत विचारतो, "बाई, वस्तू नाभीवरच ठेवली तर प्रतिमा जाते कुठे?"

मुलगा तोच, विषय तोच, शिकवणारी मीच. मध्ये फक्त दोन-अडीच तास गेलेले.

बरीच वर्षं मी या पेंगेला बेफिकिरी समजत आले. मी त्याला उभं करायची. "रात्री काय करतोस रे?" असं विचारलं की वर्ग हसायचा आणि तो खाली बघायचा. पालकसभेत आईलाही ऐकवलं, की मोबाईल काढून घ्या, दहाला दिवे बंद करा. ती बिचारी म्हणाली, "बाई, दहाला अंथरुणावर असतो हो, पण झोपच येत नाही त्याला." मी ते मनावर घेतलं नाही. पुढे सिॲटलचं प्रकरण वाचनात आलं, ते मुळापासून समजून घेतलं, आणि त्या आईचं ते एक वाक्य किती अचूक होतं हे लक्षात आलं. म्हणून ते प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे. किशोरवयातला शारीरिक बदल वर्गातल्या शिकण्यावर कसा उमटतो हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

सात पन्नासची घंटा

सिॲटल हे अमेरिकेच्या वायव्य टोकाचं, वॉशिंग्टन राज्यातलं मोठं शहर. २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत तिथल्या बहुतेक सार्वजनिक माध्यमिक शाळा सकाळी ७:५० ला भरत. आपल्या सात-सव्वासातच्या मानाने ही वेळ बरीच सुखाची वाटेल. पण तिथेही पहिल्या तासाची गोष्ट आपल्यासारखीच होती. उशिरा येणारी मुलं, रिकामे बाक, आणि वर्गात असूनही नसल्यासारखी बसलेली मुलं.

शाळा इतक्या लवकर का भरत, याचं कारण अभ्यासक्रमात सापडत नाही. ते बसच्या फेऱ्यांत आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत एकच बस आणि एकच चालक सकाळी दोन किंवा तीन फेऱ्या करतो. आधी एका गटाच्या शाळा, मग दुसऱ्या गटाच्या. सगळ्या शाळा एकाच वेळी भरवायच्या तर दुप्पट-तिप्पट बस लागतील. त्यामुळे कुणाला तरी पहिल्या फेरीत जावं लागतं, आणि मोठी मुलं अंधारात एकटी थांब्यावर उभी राहू शकतात, म्हणून सहसा ती फेरी त्यांच्या वाट्याला येते. मोठ्या माणसांच्या सोयीचा हिशेब म्हणून यात गैर काही नाही. त्या हिशेबात मुलांच्या शरीराचा रकाना मात्र नव्हता.

तो रकाना भरण्याचं काम संशोधकांनी आधीच केलेलं होतं. मिनेसोटा राज्यातल्या इडायना या उपनगराने १९९६ मध्ये आपली माध्यमिक शाळा ७:२० वरून ८:३० वर नेली. पाठोपाठ मिनिॲपोलिस शहराने ७:१५ ची वेळ ८:४० केली, आणि मिनेसोटा विद्यापीठातल्या कायला वॉलस्ट्रॉम यांनी त्या बदलाचा पाठपुरावा केला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने स्पष्ट शिफारस केली, की माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा ८:३० च्या आधी भरवू नयेत. सिॲटलमध्ये पालक, शिक्षक आणि निद्रातज्ज्ञ यांचा रेटा वाढला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने बदलाला मंजुरी दिली आणि २०१६-१७ च्या शैक्षणिक वर्षापासून माध्यमिक शाळांची घंटा ७:५० ऐवजी ८:४५ ला वाजू लागली. पंचावन्न मिनिटांचा फरक. बसची पहिली फेरी बहुतेक प्राथमिक शाळांकडे गेली आणि त्या ७:५५ ला भरू लागल्या.

हा शेवटचा तपशील ध्यानात ठेवावा, पुढे तो आपल्याकडच्या चर्चेत कामाला येणार आहे. सिॲटलने लहानांना आधी आणि मोठ्यांना नंतर बोलावलं.

"झोपच येत नाही" याचा अर्थ

आपल्या मेंदूत, दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढा एक पेशीपुंज आहे. शरीराचं मुख्य घड्याळ तेच. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून ते स्वतःला रोज लावून घेतं. अंधार पडल्यावर त्याच्या हुकुमाने मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरायला लागतं आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते.

वयात येताना हे घड्याळ मागे पडतं. मेलाटोनिन उशिरा सुरू होतं आणि सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्केडन यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की एकाच इयत्तेतल्या मुलांमध्येही ज्यांचं शरीर वयात येण्याच्या वाटेवर पुढे गेलंय त्यांचा कल उशिरा झोपण्या-उठण्याकडे जास्त असतो. वर्ग तोच, गृहपाठ तोच, तरी फरक दिसतो. म्हणजे हा फरक निव्वळ सवयीचा किंवा संगतीचा धरता येत नाही. वयात येताना असाच बदल इतर काही सस्तन प्राण्यांतही नोंदला गेलाय, आणि त्यांच्या उशाशी काही मोबाईल नसतो. जर्मनीतले टिल रोनेबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासून २००४ मध्ये मांडलं, की हे मागे पडणं साधारण विसाव्या वर्षापर्यंत वाढत जातं आणि मग माणूस हळूहळू पुन्हा लवकर निजू-उठू लागतो. मुलींमध्ये हा उतार थोडा आधी सुरू होतो.

दुसरी गोष्ट आहे झोपेच्या दाबाची. आपण जितका वेळ जागे राहतो तितका झोपेचा दाब साठत जातो. धाकट्या मुलांत तो भराभर साठतो, म्हणून पहिली-दुसरीतलं पोर जेवता जेवता पेंगतं. पंधराव्या वर्षी तोच दाब सावकाश साठतो. त्यामुळे रात्री अकरापर्यंत डोळे टक्क राहणं त्याला सहज जमतं. मग या वयात झोपेची गरजही कमी होत असेल, असं कुणालाही वाटेल. कार्स्केडन यांनाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. १९७० च्या दशकात त्यांनी स्टॅनफर्डला उन्हाळी सुट्टीत मुलांना प्रयोगशाळेत मुक्कामाला ठेवून हे मोजायला घेतलं. दहा तास झोपण्याची मुभा दिली. वर्षागणिक मुलं वाढत गेली तरी त्यांची झोप सव्वानऊ तासांच्या आसपासच राहिली. आज निद्रातज्ज्ञ १३ ते १८ या वयासाठी ८ ते १० तास झोप सुचवतात.

तेव्हा गरज पूर्वीइतकीच, झोप लागण्याची वेळ पुढे सरकलेली आणि उठण्याची वेळ शाळेने बांधलेली. कात्री लागते ती रात्रीच्या शेवटच्या भागाला. स्वप्नांची झोप जास्त करून याच भागात असते.

कार्स्केडन यांचा आणखी एक प्रयोग प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर असावा असं मला वाटतं. १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नववीत ८:२५ ला भरणाऱ्या शाळेतून दहावीत ७:२० ला भरणाऱ्या शाळेत गेलेली मुलं त्यांनी अभ्यासली. घंटा तासाभराने अलीकडे आली, पण मुलांना झोप काही तासभर आधी लागेना. सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत त्यांना अंधारात आडवं व्हायला सांगितलं तेव्हा जवळजवळ निम्मी मुलं चाचणीत एकदा तरी काही मिनिटांत थेट स्वप्नांच्या झोपेत गेली. असं एरवी निद्राविकाराच्या रुग्णांत दिसतं. ही तर धडधाकट मुलं होती. साडेआठला त्यांच्या शरीरात अजून रात्र होती, आणि त्यांच्या वेळापत्रकात त्या वेळी दुसरा तास चालू होता.

मनगटावरची नोंद

सिॲटलचं प्रकरण इथे वेगळं ठरतं. वेळा बदलल्याने मुलं जास्त झोपतात हे त्याआधीच्या बऱ्याच अभ्यासांत मुलांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवर आधारलेलं होतं. मुलाला विचारलं तर तो अंदाजाने सांगतो. वॉशिंग्टन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ ओरासिओ दे ला इग्लेसिया आणि गिडियन डन्स्टर यांच्या गटाने मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधली. दर १५ सेकंदांनी हालचाल आणि उजेड यांची नोंद करणारं ते छोटं उपकरण मुलांनी दोन आठवडे दिवसरात्र वापरलं. सोबत झोपेची डायरीही लिहिली.

शाळा दोन निवडल्या, रूझवेल्ट आणि फ्रँकलिन. दोन्हीकडे दहावीतली, जीवशास्त्राच्या वर्गातली मुलं घेतली. २०१६ च्या वसंतात, म्हणजे वेळ बदलण्याआधी, ९२ मुलं. २०१७ च्या वसंतात, नवी वेळ अंगवळणी पडायला सातेक महिने मिळाल्यावर, त्याच इयत्तेतली ८८ मुलं. निष्कर्ष डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

शाळेच्या दिवसांतल्या झोपेचा मध्यक, म्हणजे निम्मी मुलं ज्याहून कमी आणि निम्मी ज्याहून जास्त झोपतात तो आकडा, ६ तास ५० मिनिटांवरून ७ तास २४ मिनिटांवर गेला. ३४ मिनिटांची वाढ.

हा आकडा कमी वाटेल, पण वेळ बदलण्याच्या सूचनेवर सर्वांत पहिला आक्षेप काय असतो ते आठवा. "शाळा उशिरा केली तर कार्टी आणखी उशिरा झोपतील." सिॲटलमध्येही हेच म्हटलं गेलं, आपल्या शिक्षकखोलीतही हेच म्हटलं जातं आणि एके काळी मीही हेच म्हणत असे. मनगटावरच्या यंत्रांनी दाखवलं की तसं झालं नाही. झोपायची वेळ जवळपास होती तिथेच राहिली. मुलं फक्त उशिरा उठली. त्यांना मिळालेल्या पंचावन्न मिनिटांपैकी चौतीस झोपेत जमा झाली. रात्रीची वेळ शरीराने ठरवलेली होती, ती शाळेच्या घंटेने पुढेही गेली नाही. त्या आईचं वाक्य इथे मला पुन्हा आठवलं.

शनिवार-रविवारच्या नोंदीतही फरक दिसला. आधी मुलं सुट्टीच्या दिवशी खूप उशिरापर्यंत झोपत, आठवड्याची उधारी फेडत. नव्या वेळेनंतर सुट्टीतली आणि शाळेतली उठण्याची वेळ एकमेकींच्या जवळ आली. रोनेबर्ग यांनी या दरीला 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं आहे. दर सोमवारी मुलाने दुसऱ्या देशातून विमानाने येऊन थेट वर्गात बसावं, तशी शरीराची गत होते.

आणि अभ्यासाचं काय? ज्या जीवशास्त्राच्या वर्गांतून ही मुलं घेतली होती, तिथले २०१७ च्या मुलांचे अंतिम गुण आदल्या वर्षीच्या मुलांपेक्षा ४.५ टक्क्यांनी जास्त आले. प्रयोग आणि अभ्यासक्रम बदललेले नव्हते. रूझवेल्टमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने तेव्हा सांगितलं होतं, की जुन्या वेळेला सुरुवातीला दाराशी रेंगाळत येणारी मुलं ठरलेली असत आणि नव्या वेळेनंतर वर्ग सुरुवातीपासून जागा असे. आपल्यासारख्यांना ४.५ टक्क्यांपेक्षा हे वाक्य जास्त कळतं.

फ्रँकलिनचा हजेरीपट

या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग दोन शाळांच्या तुलनेत आहे. रूझवेल्ट शहराच्या उत्तर भागात, तुलनेने सुस्थितीतल्या घरांची. फ्रँकलिन दक्षिण भागात, तिथे कमी उत्पन्नाच्या आणि स्थलांतरित कुटुंबांतली मुलं खूप जास्त. जुन्या वेळेत पहिल्या तासाची गैरहजेरी आणि उशिरा येणं फ्रँकलिनमध्ये अधिक होतं. नवी वेळ आल्यावर फ्रँकलिनचे हे आकडे खाली आले आणि रूझवेल्टच्या बरोबरीला पोचले. रूझवेल्टच्या हजेरीत मात्र तसा फरक पडला नाही.

झोप तर दोन्ही शाळांतली मुलं कमीच घेत होती. मग हजेरी एकाच ठिकाणी का सुधारली? याचं उत्तर अभ्यास देत नाही. माझं उत्तर माझ्या अनुभवातून येतं. चांगल्या परिस्थितीतल्या घरी मुलाला उठवणारं, दूध देणारं, उशीर झाला तर गाडीवर सोडणारं कुणी असतं. पेंगत का होईना, ते मूल वर्गात पोचतं. जिथे आई पहाटेच कामावर जाते आणि धाकट्या बहिणीची वेणी घालून मग स्वतः निघायचं असतं, तिथे वीस मिनिटं जास्त झोप लागली की बस चुकते, पहिला तास जातो, आणि मग 'आज नकोच' होतं. शरीर दोघांचं सारखंच मागे पडलेलं असतं, त्याची किंमत मात्र एकाला जास्त पडते. वर्षभर पहिला तास बुडत गेला की विषय सुटतो. त्या तासाला गणित असेल तर गणित, इंग्रजी असेल तर इंग्रजी.

हे वाचल्यापासून मी हजेरीपटातले उशिराचे शेरे वेगळ्या नजरेने बघते. कोणाचे शेरे साठतात हे एकदा कुणीही आपापल्या वर्गात तपासून पाहावं.

फ्रँकलिन शाळेला नाव आहे बेंजामिन फ्रँकलिन यांचं. आपण ज्याला 'लवकर निजे, लवकर उठे' म्हणतो, ती म्हण इंग्रजीतून जगभर पोचवण्याचं मोठं श्रेय त्यांनाच जातं. लहान मुलांना आणि प्रौढांना ती म्हण बऱ्यापैकी लागू पडते. मधल्या सात-आठ वर्षांना पडत नाही, आणि शाळा नेमक्या त्याच वर्षांत तिच्या सर्वांत जास्त मागे लागते.

कुठे जपून बोलावं

या अभ्यासातून वाटेल ते सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. दोन्ही वर्षी तपासलेली मुलं वेगवेगळी होती, त्याच मुलांना आधी आणि नंतर तपासलं नव्हतं. वेळ न बदललेली तिसरी शाळा तुलनेला नव्हती. गुण देणारे शिक्षकही नव्या वेळेला ताजेतवाने होते, त्याचाही वाटा असू शकतो. आणि ७ तास २४ मिनिटं ही झोपही आठ तासांच्या खालीच आहे.

व्यवहाराच्या अडचणीही खऱ्या होत्या. शाळा उशिरा सुटली की खेळाचा सराव अंधारात जातो, संध्याकाळची नोकरी करणाऱ्या मुलांचे तास कमी होतात, धाकट्यांना सांभाळायला मोठं भावंड वेळेवर घरी नसतं. पहिल्या वर्षी बसच्या तीन फेऱ्या ठेवल्याने काही शाळा तर ९:३५ ला भरत होत्या, तिथले पालक नाराज होते. दुसऱ्या वर्षी शहराने जास्तीच्या बससाठी पैसा दिला, फेऱ्या दोनवर आणल्या आणि माध्यमिकची वेळ ८:५५ झाली. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदा करून जुलै २०२२ पासून नववी ते बारावीच्या शाळांना ८:३० च्या आधी भरायला मनाई केली. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला आणि बस व खर्चाच्या अडचणींपुढे २०२५ मध्ये तो मागे घेतला. शरीराचं शास्त्र दोन्ही राज्यांत एकच होतं.

आपल्याकडची घंटा

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा असं जाहीरपणे सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचा आदेश आला, की २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. बसमालकांनी आणि दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांनी अडचणी मांडल्या, तरी चिमुरड्यांची पहाटेची झोपमोड थांबावी ही भावना रास्तच होती, आणि मला तिचा आनंदच झाला.

पण पाचवीपासून पुढच्यांचं काय? वयात येण्याची सुरुवात साधारण तिथेच होते. मुंबई-पुण्यातल्या ज्या इमारतीत दोन सत्रं चालतात, तिथे लहानांना नऊनंतर किंवा दुपारी बोलवायचं तर सकाळी सातचे वर्ग मोठ्यांकडेच राहतात. सिॲटलने केलं त्याच्या हे नेमकं उलट आहे. सहा-सात वर्षांचं मूल रात्री साडेआठला झोपू शकतं, सकाळी सहाला आपणहून उठून घरभर फिरतं. पंधरा वर्षांच्या मुलाला हे जमत नाही. दोघांपैकी एकालाच लवकर बोलावणं शक्य असेल, तर शरीरशास्त्र कोणाचं नाव घेतं हे सिॲटलने दाखवलंय.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट भर घालते. देशाची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावरून घेतलेली, आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. सूर्याच्या हिशेबाने मुंबई घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटं मागे आहे. जानेवारीत तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सात वाजता भरणाऱ्या शाळेतली प्रार्थना तेव्हा सूर्योदयाच्या आधी होते. ज्या उजेडाने मेंदूतलं घड्याळ लागायचं, तो उजेड मूल ट्यूबलाइटखाली बसल्यावर बाहेर पसरतो.

सात दहाच्या शाळेचा हिशेब मांडून बघा. साडेपाचला उठायचं. आठ तास झोप हवी तर साडेनऊला झोप लागली पाहिजे. पण दहावीच्या मुलाचा क्लास सुटतो साडेआठला, जेवण नऊ-सव्वानऊला, मग शाळेचा गृहपाठ आणि क्लासचा गृहपाठ. हे सगळं नसतं तरी शरीराने अकराच्या आधी साथ दिली नसती. हाती उरतात साडेसहा तास, तेही सगळं सुरळीत झालं तर.

खेड्यांतल्या बऱ्याच माध्यमिक शाळा साडेदहा-अकराला भरतात, तिथे ही अडचण नसते. तिथे मार्च-एप्रिलमध्ये उन्हामुळे सकाळची शाळा होते, आणि पत्र्याच्या वर्गात दुपारी बसवण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं. शहरात मोठ्या मुलींना दुपारचं सत्र दिलं तर त्या घरी पोचेपर्यंत अंधार पडतो, ही पालकांची काळजीही मी हलकी मानत नाही. सिॲटलचं वेळापत्रक उचलून इथे चिकटवता येणार नाही. पण आपल्या हिशेबात तो रकाना असावा, एवढा आग्रह मी धरणार.

माझ्या वर्गापुरतं

घंटा माझ्या हातात नाही. पहिल्या तासाला काय शिकवायचं ते काही अंशी आहे.

झोप कमी पडली की पाठ केलेलं म्हणून दाखवणं त्या मानाने जमून जातं. जिथे दोन-तीन गोष्टी एकदम मनात धरून विचार करायचा असतो, तिथे मूल आधी कोसळतं. स्वतःला आवरणं, चिडलं तरी शांत राहणं, पुढचं ओळखून वागणं, यांचं काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतं. तो भाग विशीपर्यंत आणि त्यापुढेही घडत असतो, आणि अपुऱ्या झोपेचा ताण त्याला लवकर जाणवतो. म्हणून पहिल्या तासाला नवी संकल्पना सुरू करणं मी शक्यतो टाळते. आकृत्या, कालची उजळणी, उभ्याने करायचे छोटे प्रयोग, जोडीने सोडवायचे प्रश्न असं काही ठेवते. नवीन धडा चौथ्या तासाला. खिडक्यांचे पडदे पूर्ण उघडते आणि उजेड आला की वर्ग पाच मिनिटं व्हरांड्यात नेते. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढायला मदत करतो, हे शास्त्र पक्कं आहे. पाच मिनिटांत किती फरक पडतो हे मी मोजलेलं नाही, पण मुलं परत येतात ती बोलत येतात.

आणि मी कुणाला उभं करत नाही. या वयात चार मित्रांसमोर झालेला पाणउतारा मुलाच्या मनात दिवसभर राहतो, आणि त्याच्या शरीराने केलेल्या गोष्टीसाठी तो सोसायला लावण्याचा मला अधिकार नव्हता. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाला मी हे सांगितलंही. त्याला नीट काही बोलता आलं नाही. त्याच्या आईला मात्र फोन करून सांगितलं, की तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं.

तो आता पूर्वेच्या खिडकीपाशी बसतो. विज्ञानाची घटक चाचणी पहिल्या तासाला व्हायची, ती यंदा पाचव्या तासाला घेऊ द्या म्हणून मी पर्यवेक्षकांकडे अर्ज केला होता. एका सत्रापुरती परवानगी मिळाली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारायचं आहे, आणि तेव्हा गुणांच्या यादीसोबत पहिल्या तासाचा हजेरीपटही घेऊन जाणार आहे.